पोट साफ होण्याचे औषध

सातपूर, नाशिक
रविवार, १५ जून २०२५

आत्या, नमस्कार.

काल गाडी सुटली तेव्हा बाबा खिडकीतून काहीतरी म्हणाले, पण काच अडकली होती, मला ऐकू आले नाही. नीट पोहोचलात ना? खिंडीत चढल्याशिवाय तुमच्याकडे फोन लागत नाही आणि तुझे गुडघे मला माहीत आहेत. म्हणून मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर फकिराकाका यांच्या हाती हे पत्र देतो. ते संध्याकाळी पोहोचवतील आणि सकाळी गाडी परत निघताना तुझे उत्तर आणतील. अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे, कारण तू हे बाबांना वाचून दाखवशील.

बाबांचे यकृत, म्हणजे लिव्हर, आक्रसून गेले आहे. डॉक्टर मॅडम या पोटाच्या आणि यकृताच्याच डॉक्टर आहेत, दुसरे काही पाहत नाहीत. त्या म्हणाल्या की फार वर्षांपूर्वी काविळीचा एक विषाणू अंगात शिरला आणि गुपचूप बसून राहिला. दारूचा यात काहीही संबंध नाही. हे वाक्य पाड्यात सगळ्यांना सांग. दवाखान्यातल्या अकरा दिवसांत निदान सहा जणांनी बाबांना विचारले, "किती वर्षे पिता?" वॉर्डातल्या मावशी तर म्हणाल्या, "इथे येणारा प्रत्येक जण म्हणतो, मी पीत नाही." त्यावर बाबा म्हणाले, "मावशी, मी चहा पितो. लिहून घ्या." आई गेली त्या दिवसापासून सतरा वर्षे त्यांनी थेंब घेतला नाही, हे पाड्याला माहीत आहे. मावशींना कुठून माहीत असणार?

आता औषधे. पांढरी गोळी सकाळी एक, नसांमधला दाब कमी होण्यासाठी. पिवळी गोळी सकाळीच, तिने लघवी होऊन पोटातले पाणी उतरते. विषाणूची गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, ती एकही दिवस चुकवायची नाही. चौथे ते पातळ गोड औषध. ते पोट साफ होण्याचे औषध आहे. मापाची दोन झाकणे, म्हणजे ३० मिली, तीन वेळा. सहा बाटल्या दिल्या आहेत. मीठ, सुकट, लोणचे, पापड बंद. दर रविवारी बेंबीवरून टेपने पोट मोजून मला कळव. निघताना ९६ सेंटिमीटर होते.

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसांना मॅडमनी रबराच्या कड्या बसवल्या आहेत. राहिलेल्या २१ जुलैला बसवतील. तोपर्यंतचे पाच आठवडे नीट गेले पाहिजेत. ते गेले तर पुढे बरीच वर्षे मिळतील, असे त्या म्हणाल्या. म्हणून मी एवढे बारीक लिहितो, कंटाळू नकोस.

तुझा
ललित


करंजपाडा, ता. पेठ
२० जून

ललित बाळा,

पत्र भेटलं. फकिरा ड्रायवर म्हनला, "आत्याबाई, मोबाईलच्या जमान्यात तुमच्या भाच्यानं मला पोस्टमन केला." त्याला नागलीची भाकर आन् ठेचा दिला. आता रोज इचारतो, पत्र हाय का.

दादा बरा हाय. तुझं पत्र वाचताना मधीच म्हनतो, "लंके, ते चहाचं परत वाच." तीनदा वाचलं. बिनमिठाची आमटी पुढ्यात ठेवली तर म्हनला, "हे गुरं तरी खातील का?" मी म्हनले, "गुरं तुझ्यापरीस शहाणी, मुकाट्यानं खातात." मंग खाल्ली.

गोळ्या तिन्ही येळेवर देते. दिली का दारामागं खडूनं रेघ मारते. गोड औषधानं पोट चांगलं साफ झालं. दादाला हलकं वाटलं. पोटातलं पाणि बी उतरलं, टेप ९५ दाखवती.

पाड्यातली भागीबाई बघायला आली व्हती. बसली, चहा प्याली, आन् जाताना दारात म्हनती, "लिवर म्हनजे दारूचंच ना गं?" मी म्हनले, "तुझ्या नवऱ्याचं झाल्यावर सांगते." दादा आतून हसला.

तू जेवत जा. खानावळीतलं तेल बरं नसतं.

लंकाआत्या


सातपूर
२६ जून

आत्या,

तुझे पत्र वाचले आणि चार दिवसांनंतर पहिल्यांदा नीट झोपलो. पोट साफ होत आहे हे फार चांगले झाले. मॅडमनी त्यावर खूप भर दिला होता. तू करतेस तसेच चालू ठेव.

एक सांगतो, राग मानू नकोस. 'पाणि' असे नाही, 'पाणी' असे लिहितात. दीर्घ. मी दहावीला गणितात दोनदा गेलो, पण मराठीत दोन्ही वेळा पास होतो. चुकीचे अक्षर दिसले की मला खडा लागल्यासारखे होते. कंपनीतही तेच. मी दिवसभर लोखंडी बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या नळ्या, मोजतो. केसाएवढा फरक असला तरी बाजूला काढतो. आमचे सुपरवायझर किशोर सर म्हणतात, "ललित, तू माल तपासतोस का नवरी पाहतोस?" सगळे हसतात. पण मी पास केलेला माल आजवर एकदाही परत आलेला नाही.

मॅडमनी आणखी काही गोष्टी मला बाजूला घेऊन सांगितल्या होत्या. तसे झाले तर लगेच आणा, अशा. त्या इथे लिहीत नाही. बाबा ऐकतील आणि उगीच मनात घेतील. तू औषधे देत आहेस, तर तसे काही होणारच नाही.

विषाणूच्या गोळ्या २९ तारखेला संपतील. नवीन पाकीट सोबत आहे.

ललित


करंजपाडा
२ जुलै

ललित,

पाणी. बघ, दीर्घ. आता झोप लागंल ना, मास्तर? दादा म्हनला, "दोनदा नापास झाला तरी पोरगं माझ्या बहिणीला शिकवतंय, खर्च वाया नाय गेला."

पाकीट भेटलं. टेप ९५ लाच हाय, कमी नाय, जास्त नाय. गोड औषध आता पाठवू नको. चार बाटल्या बंदच हायत आन् एक अर्धी. नासून जाईल.

पाऊस लागून राहिलाय. राबातली भाताची रोपं चांगली उगवली. आठ दिवसांत आवणी धरू, रोपं उपटून वावरात लावू.

९ जुलै

वरचं लिहून हप्ता झाला. घाटात दरड पडली, गाडीच आली नाय. पत्र पत्र्याच्या डब्यात पडून व्हतं. उद्या गाडी येणार म्हनतात.

दादाला झोप लय लागते. दिवसभर पडून राहतो. मी म्हनते, पडू दे, जन्मभर राबला. बोलतो कमी. बाकी इथं सगळं ठीक हाय, तू जास्त इचारू नको. तू तुझं काम बघ.

लंकाआत्या


सातपूर
शुक्रवार, ११ जुलै

आत्या,

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. एकटीने वाच आणि वाचून झाल्याबरोबर उठ.

तुझे पत्र आता दुपारी मिळाले. एक बाटली २०० मिलीची. रोज ९० मिली लागते. सहा बाटल्या तेरा दिवसांत संपायला हव्या होत्या, म्हणजे २८ जूनला. तू २ जुलैला लिहितेस की साडेचार शिल्लक आहेत. म्हणजे दीडच बाटली गेली. म्हणजे तीन दिवस दिले आणि चौथ्या दिवशी बंद केले. बरोबर ना?

ते औषध एकदा पोट साफ करण्याचे नाही. बाबांना रोज दोन-तीन वेळा परसाकडे झालेच पाहिजे. पातळ झाले तरी चालेल, पण झालेच पाहिजे. आपल्या अंगात जे विष तयार होते ते यकृत गाळते. बाबांचे यकृत गाळत नाही. ते विष शौचावाटे बाहेर काढावे लागते. आत राहिले तर ते डोक्यात चढते.

मॅडमनी सांगितलेली लक्षणे ही : दिवसा झोप आणि रात्री जाग. बोलणे अडखळणे. चालताना तोल जाणे. माणसे न ओळखणे. बाबांना दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलायला सांग, पोलीस गाडी थांबवतो तसे. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडले तर समज.

बाबा नीट जागे असतील, गिळता येत असेल, तर दोन झाकणे लगेच दे. जागे होत नसतील तर तोंडात काहीही घालू नकोस. पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवून ठेव.

मी याच गाडीत बसलो असतो, पण ती सकाळपर्यंत परत फिरत नाही. किशोर सरांची चारचाकी दिंडोरीला आहे, ती पहाटे इथे येईल. आठपर्यंत मी तुमच्या दारात असेन. खिंडीत कोणालातरी पाठवून १०८ ला फोन लावून ठेव. आधी अँब्युलन्स आली तर माझी वाट पाहू नका.

ललित


करंजपाडा
१६ जुलै

ललित,

तू दादाला घेऊन गेलास त्याला चार दिवस झाले. फकिरा म्हनला, अजून डोळं उघडलं नाय. तू गाडीत माझ्याशी बोलला नाहीस. मला उतरवून गेलास. गाडीत जागा नाय म्हनलास. जागा व्हती.

तुला सांगितलं नाय ते आता सांगते.

आवणीच्या पहिल्या दिवशी दादा बांधावर आला आन् डुलायला लागला. रोप हातात घेतलं आन् उलटं लावलं, मुळं वर. बाया हसल्या. मी म्हनले, उन्ह लागलं असंल. उन्ह कुठलं, पाऊस चालू व्हता. मंग मला सिंधू म्हनून हाक मारली. तुझ्या आईच्या नावानं. जीभ अशी जड. भागीबाईचा नवरा म्हनला, "चहावाल्याचा चहा आज मोहाचा हाय वाटतं." सगळं वावर हसलं. भागीबाई जवळ येऊन म्हनती, "झाकून काय ठेवतीस लंके, चढलीय त्याला."

मी जवळ जाऊन वास घेतला. ललित, वास येत व्हता. गोड, आंबूस, मोहाच्या दारूसारखा. मी म्हनले, झालं. सतरा वरसांनी मोडली यानं.

घरी आणून मी सगळं पेंढं उपसलं. बाटली शोधली. सापडली नाय, तर वाटलं, शेजारी लपवलीय. तो म्हनत व्हता, "लंके, मी नाय प्यालो." पण ते असं अडखळून म्हनायचा का जेवढं म्हनला तेवढं मला जास्त खरं वाटलं, का हा प्यालाय. मी त्याला तुझ्या आईची शपथ घालून काय काय बोलले, ते लिहीत नाय.

आन् लोकं बघतील म्हनून चार दिवस आतल्या खोलीत घातला आन् बाहेरून कडी लावली. भाकर आत सरकवायची. तो झोपायचा. मी म्हनायची, उतरंल. तुझं पत्र वाचलं तवा कडी काढली, पण १०८ ची गाडी आलीच नाय.

तुला कसं लिहू? तू त्या चहाच्या गोष्टीखाली रेघ मारून पाठवली व्हतीस. मला वाटलं, पोराला कळलं तर मोडून जाईल.

गोड औषध मीच बंद केलं. तू लिहिलं व्हतं पोट साफ व्हायचं. पहिल्या दोन दिसांतच साफ झालं, तिसऱ्या दिशी चारदा गेला. मी म्हनले, आता अजून दिलं तर माणूस गळून जाईल. जुलाब झालेल्याला कोन जुलाबाचं औषध देतो?

मला तिकडं यायचंय. सांग तर येते, नको म्हनलास तर इथंच बसते.

लंकी


दवाखाना, नाशिक
१८ जुलै

आत्या,

बाबांनी परवा डोळे उघडले.

नाकातून नळी घातली होती, औषध खालूनही दिले होते. परवा सकाळी नर्स ताईंनी विचारले, "बाबा, नाव काय?" म्हणाले, "पुंजा." "गाव?" "करंजपाडा." "महिना कोणता चालू आहे?" बाबा म्हणाले, "आवणीचा." ताईंनी कागदावर चूक लिहिली. मी सांगितले, बरोबर आहे, खोडा. त्यांनी खोडले नाही.

मग मला जवळ बोलावले आणि म्हणाले, "लंकीनं सांगितलं तुला?" मी म्हणालो, "काय?" म्हणाले, "मी नाय प्यालो." मी म्हणालो, "माहीत आहे." त्यांचा विश्वास बसेना. मॅडम फेरीवर आल्या तेव्हा त्यांनाही तेच सांगितले. मॅडम म्हणाल्या, "काका, चढलं होतं हे खरं, पण दारू नव्हती. तुमच्याच अंगातलं विष होतं. तोंडाचा वाससुद्धा त्याचाच." बाबा हळू हसले. मला म्हणाले, "बघ. सतरा वर्सं थांबलो, आन् चढली ती घरचीच."

त्यांनी मला विचारले, पाड्यात हे कोण सांगणार? मी त्यांची उशी सरळ केली. मग म्हणाले, "असू दे. मी आल्यावर सांगतो."

पण एक गोष्ट झाली आहे. शुद्ध नव्हती तेव्हा घशातले काहीतरी छातीत उतरले. छातीत कफ धरला आहे, मास्क लावला आहे. आज ताप १०२ आहे. २१ तारखेच्या कड्यांचे आता कोणी बोलत नाही.

तू ये. उद्याच्या गाडीने ये. त्या दिवशी गाडीत जागा होती, ते खरे आहे.

तुझी चूक नाही, आत्या. बाकी भेटल्यावर.

ललित


सातपूर
शुक्रवार, ८ ऑगस्ट

आत्या,

बाबा गेले त्या २२ तारखेपासून बाराव्यापर्यंत आपण एका घरात होतो आणि 'बाकी भेटल्यावर' असे लिहूनही मी काही बोललो नाही. आता लिहितो. मला लिहिताच येते.

बाराव्याला पान ठेवले तेव्हा भागीबाईच्या नवऱ्याने खिशातून बाटली काढली आणि पानाजवळ मोहाची धार सोडली. म्हणाला, "घे पुंजा. आता लपून घ्यायला नको." पूर्वजांना धार सोडतात हे मला माहीत आहे. पण त्याचा सूर तसा नव्हता, आणि दोघेतिघे हसले. मी बाबांचा मुलगा, हातात तांब्या धरून उभा होतो. ते पान मला रोज दिसते.

दवाखान्यात पहिल्या दिवशी मॅडमनी मला विचारले होते, "मी तुम्हाला काय सांगितलं होतं? रोज दोन ते तीन वेळा संडासला व्हायला हवं, बंद झालं तर आणा. सांगितलं होतं ना?" मी म्हणालो, हो. "मग घरी सांगितलं नाही का?" त्यांना दुसरा पेशंट होता, त्या गेल्या.

१५ जूनच्या पत्राचा पहिला कागद मी फाडला होता. त्यावर 'रोज दोन-तीन वेळा परसाकडे झाले पाहिजे' असेच लिहिले होते. वाचून पाहिले तर ते मला बरे दिसेना. तू मोठ्याने वाचणार, बाबा ऐकणार, कदाचित शेजारी कोणी बसलेले असणार. म्हणून दुसरा कागद घेतला आणि 'पोट साफ होण्याचे औषध' असे लिहिले. तेवढेच शब्द दवाखान्याच्या भिंतीवरच्या जाहिरातीत होते, मला ते सभ्य वाटले. तू ते वाचलेस आणि त्याचा जो अर्थ होतो तोच घेतलास. पोट साफ झाल्यावर पोट साफ होण्याचे औषध कोण देईल?

पुन्हा तू लिहिलेस, 'साफ झालं'. मी वाचले, 'साफ होत आहे'. त्याच पत्रातली तुझी वेलांटी मी धरली आणि हे सोडले. आणि वर लिहिले की तू करतेस तसेच चालू ठेव. लक्षणे मला माहीत होती, तीही लिहिली नाहीत. लिहिली असती तर तू वास घ्यायला गेली नसतीस, गाडी पाहायला गेली असतीस.

आता एक काम आहे. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेत ग्रामसभा भरते, सगळा पाडा असतो. खालचे तिथे वाचून दाखव. त्या दिवशीही कंपनी चालू आहे, मला सुट्टी मिळाली नाही, आणि खरे सांगतो, मिळाली असती तरी माझा आवाज फुटला नसता.

येथून वाच :

माझे वडील पुंजा हे दारू पिऊन मेले नाहीत. त्यांचे यकृत जुन्या विषाणूने खराब झाले होते. अशा माणसाला रोज दोन-तीन वेळा परसाकडे व्हावे लागते. झाले नाही तर अंगातले विष डोक्यात चढते. माणूस डुलतो, अडखळतो, माणसे ओळखत नाही, तोंडाला गोड वास येतो. त्यासाठी एक औषध असते. ते देण्याचे बंद झाले, कारण मी ललित पुंजा याने पत्रात ते नीट लिहिले नाही. मला शब्दाची लाज वाटली. यात आत्याचा दोष नाही. ज्यांनी माझ्या वडिलांना दारुडा म्हटले त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की शेवटची शुद्ध आल्यावर त्यांनी मला सर्वांत आधी सांगितले ते हेच होते, की मी प्यालो नाही. दवाखान्याचा कागद सोबत आहे. त्यावर कारण लिहिले आहे. शाळेतल्या सरांकडून मराठीत करून घ्यावे.

येथपर्यंत.

एकही शब्द गाळू नकोस.

ललित


करंजपाडा
१७ ऑगस्ट

ललित बाळा,

वाचलं.

झेंडा झाल्यावर सरपंच म्हनला, आधी रस्त्याचा विषय घेऊ. मी उठले, म्हनले, रस्ता पंचवीस वरसं झाला नाय, अजून दहा मिनिटांनी काय व्हतंय. लोकं हसली, मंग मी वाचायला लागले.

परसाकडंचं आलं तशी पोरं फिदीफिदी करायला लागली. मी थांबले, आन् तेच परत वाचलं. सरांनी दवाखान्याचा कागद उभ्यानं वाचून मराठीत सांगितला. 'दारूशी संबंध नाही' हे त्यांनी दोनदा सांगितलं, मी सांगितलं नसताना. भागीबाईचा नवरा म्हनला, "कागदावर कायबी लिवता येतं." तर भागीबाईनंच त्याला गप केला. मंग माझ्याकडं बघून इचारलं, "औषध बंद कोनी केलं?"

एकही शब्द गाळू नको म्हनलास. मी तीन ओळी गाळल्या. 'बंद झाले' याच्या पुढं तुझं नाव व्हतं त्या. सरांच्या हातात तुझं पत्र दिलं नाय, कागद तेवढा दिला. पत्र माझ्याच हातात व्हतं.

मी म्हनले, "मी बंद केलं. वर कडी बी मीच लावली."

खोटं नाय बोलले. तू लिहिलंस तेबी खरं असंल, पण ते तुझ्यामाझ्यात राहू दे. लोकांना कागदातला शब्द कळत नाय. त्यांना माणूस लागतो. त्यांना तुझं नाव सांगितलं असतं तर म्हनले असते, शहरातलं शिकलेलं पोरगं चुकलं, आन् तिथंच सोडून परत दारूवर आले असते. कडी त्यांना कळली. कडी सगळ्यांनी बघितली व्हती.

आता सांगते काय झालं ते. काल भागीबाईच्या वावरात निंदणी व्हती. मला हाक मारली नाय. विहिरीवर गेले तर मीना, तिची सून, हंडा अर्धाच भरून निघून गेली. पाठीमागं बोलत्यात ते ऐकू येतं, मी काय बहिरी नाय. "बहिणीनं मारला," म्हनतात. "चार दिस कोंडून घातला, प्यालेला पण नसताना."

'प्यालेला नसताना,' ललित. आता सगळेच असं म्हनतात. पोरं बी म्हनतात. भागीबाईचा नवरा काल फकिराच्या गाडीत कोनाला तरी सांगत व्हता, का पुंजानं सतरा वरसं थेंब घेतला नाय आन् बहिणीनं त्याला दारुडा म्हनून कोंडला. फकिरानं मला सांगितलं. त्याला वाटलं, मला वाईट वाटंल.

तू इथं येऊन दुसरं काही सांगू नको. गावानं एक गोष्ट धरली का धरली, दोनदा बदलायला लावलं तर दोन्ही सोडून देतं. मंग दादा परत प्यालेला व्हईल.

माझं काय, मला इथंच राहायचंय. भाताचं दोन तुकडं हायत, शेळ्या हायत. एकटीनं निंदते. पाठ दुखती, बाकी काही नाय.

लंकाआत्या